धाकटीचं नाव

कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, जिथे जिथे माणसाला नावानं पुकारतात तिथे तिथे धाकटीची फजिती ठरलेली. खिडकीमागचा माणूस एकदा नाव पुकारायचा, दुसऱ्यांदा जरा चिडून पुकारायचा आणि तिसऱ्यांदा मान वर करून सगळ्या बाकांवरून नजर फिरवायचा. तोवर ही आपली समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसलेली. मग शेजारचं कुणीतरी कोपरानं ढोसायचं, "अहो, तुम्हीच ना?" आणि बाई दचकून उठायच्या. वय बावन्न, पण कानात काडीचा दोष नव्हता. कामावर दोन टेबलं पलीकडे सुई पडली तरी तिला कळायचं. स्वतःचं नाव तेवढं तिच्या कानावरून वाऱ्यासारखं निघून जायचं.

त्याला कारण होतं. ते नाव तिला घरात कुणी कधी ऐकवलंच नव्हतं. घरात ती धाकटी. आईची धाकटी, वडिलांची धाकटी, आजीची "अगं ए धाकटे". आता धाकटी म्हटलं की कुणीतरी थोरली हवी. ती नव्हती. म्हणजे होती, आतल्या खोलीत, कपाटाच्या वरच्या बाजूला, लाकडी चौकटीत. चार वर्षांची, एक पायमोजा घसरलेला, फोटो काढणाऱ्याकडे संशयानं बघत असलेली. धाकटी जन्माला यायच्या दोन वर्षं आधी ती तीन दिवसांच्या तापात गेली. आणि कचेरीतला माणूस जे नाव पुकारायचा, ते मुळात तिचं होतं.

त्याआधी ते एका संत बाईचं होतं. आजी सांगायची ती हकिकत अशी. फार वर्षांपूर्वी एका नदीच्या धक्क्यावर एक पोरगी राहायची. तिथल्या खडकांवर नावा आपटून फुटायच्या, म्हणून ती रोज कंदील लावून काठावर बसायची. अशी ती म्हातारी होईपर्यंत बसली. तिच्या हयातीत एकही माणूस बुडाला नाही आणि गेल्यावर लोकांनी तिथे तिची समाधी बांधली. तिच्या नावाचा अर्थ उजेड, असं आजी म्हणायची. आईला लग्नानंतर पाच वर्षं मूल नव्हतं, तेव्हा आजीनं याच बाईला साकडं घातलं. साकडं घालणाऱ्यांचा एक नेम होता. मुलगी झाली तर तिला हे नाव द्यायचं आणि एकदा घरात आलेलं नाव माघारी पाठवायचं नाही. नाव घेतलेलं मूल गेलं, तर पुढच्या मुलीला तेच ठेवायचं. आजी शब्दाला पक्की होती. तिचा शब्द पाळताना इतरांची आतडी पिळवटली तरी तिचं काही जात नव्हतं.

पुढे धाकटी झाली आणि आजीनं तेच नाव पुढे केलं, तेव्हा आई पहिल्यांदा सासूसमोर ताठ बसून बोलली म्हणे. "कागदावर घाला," ती म्हणाली, "माझ्या तोंडात घालू नका."

आई असं का म्हणाली, ते धाकटीला वडिलांनी एकदाच सांगितलं. थोरलीच्या शेवटच्या दिवशी आई तिच्या उशाशी बसून सारखी नावानं हाक मारत होती. पोरीची शुद्ध जाऊ नये म्हणून. पोरगी प्रत्येक हाकेला "ओ" म्हणायची. डोळे मिटलेले, पण ओ द्यायची. संध्याकाळपर्यंत आवाज बारीक होत गेला आणि मग एका हाकेला ओ आली नाही. त्यानंतर आईनं ते नाव पुन्हा घेतलं नाही.

एवढं कळूनही धाकटीच्या मनातली अढी गेली नाही. लहानपणीच तिनं हिशेब मांडून टाकला होता. चांगलं होतं ते थोरलीला, उरलं ते मला. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा ही गप्प. बाईंनी तिला बहिरी समजून पहिल्या बाकावर बसवलं. नऊ वर्षांची असताना एकदा तिनं सगळं धैर्य गोळा केलं. आई कणीक मळत होती. ही मागून गेली, आईच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, एकदाच मला माझ्या नावानं हाक मार ना. एकदाच. परत नाही मागणार."

आईचे हात कणकेत तसेच थांबले. मग तिनं हात न धुताच धाकटीची मिठी सोडवली आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला आणि वडील धाकटीवर उगाचच ओरडले. तिच्या फ्रॉकवर दोन्ही बाजूंना पिठाची बोटं उमटली होती. तिनं पुन्हा कधी मागितलं नाही, पण एका दिवसासाठीही ती ते विसरली नाही. लोकांना काय काय हवं असतं. हिला आईच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं होतं, बस.

आता आई एक्क्याऐंशीची होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आजी तर त्याच्याही आधी गेली होती. धाकटीचं लग्न जमलं नाही. दोनदा जमता जमता मोडलं आणि तिसऱ्यांदा तिनंच कंटाळून नाही म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मायलेकी राहत होत्या. आईचे गुडघे गेले, मग आठवण जायला लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते गेलं, मग वार गेले, मग समोर राहणाऱ्या काकूंचं नाव गेलं. काकू दहा वर्षांपूर्वी तिथे राहायला आल्या होत्या, मनानं सढळ आणि तोंडानं त्याहून सढळ. धाकटी सकाळपासून तीनपर्यंत कामावर असायची तेवढा वेळ त्या आपलं विणकाम घेऊन आईजवळ बसायच्या. धाकटीला त्या ताई म्हणायच्या.

एके दिवशी दुपारी चारच्या सुमाराला धाकटी स्वयंपाकघरात दूध तापवत होती. आतून हाक आली. आईचा आवाज, पण हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तरुण, जरासा रागावलेला, मायेनं ओथंबलेला. जिन्यावर खेळणाऱ्या पोरीला वर बोलवावं तसा. आणि हाक त्या नावानं होती.

धाकटीला गॅस बंद करायचंही भान राहिलं नाही. ती धावत आतल्या खोलीच्या दारात आली. आई उशीला टेकून बसली होती. तिनं धाकटीकडे पाहिलं, मग तिच्या अंगावरून पलीकडे पाहिलं.

"तू नाही गं," आई म्हणाली. "ती कुठे गेली बघ. खाली खेळतेय का? केव्हाची हाका मारतेय."

मागे दूध उतू गेलं. करपल्याचा वास घरभर पसरला, तेव्हा धाकटी तिथून हलली.

मग हे रोजचंच झालं. चार वाजले की आई हाका मारायला लागायची. एक, दोन, पाच, दहा. नाव तेच, माया तीच, आणि हाक भलतीलाच. बावन्न वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते आता दिवसाला वीसवीसदा ऐकू येत होतं आणि त्यातली एकही हाक हिची नव्हती. उपाशी माणसाला काचेबाहेर उभं करून आत ताट वाढावं, तसलाच प्रकार.

"अहो ताई, ओ द्या की," काकू म्हणाल्या. "म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल. तुमचं काय जातंय?"

"मी का म्हणून द्यायची?" धाकटी एकदम तडकली. "मी ती नाही."

"नाव तर तेच ना कागदावर?"

"कागदावर!" धाकटी म्हणाली आणि तिनं भांडी इतक्या जोरात घासायला घेतली की काकूंनी विणकाम आवरून काढता पाय घेतला.

त्याच आठवड्यात तिच्याकडून एक गोष्ट झाली, ती झाकण्यासारखी आहे पण झाकून उपयोग नाही. आई हाका मारत होती. धाकटी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "ती गेली, आई. ताप आला आणि गेली. चोपन्न वर्षं झाली." आईनं तिच्याकडे पाहिलं. बातमी तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेली, अगदी नवी, त्याच क्षणी घडलेली. मग ती जी रडली, ते ऐकवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता ती सगळं विसरून पुन्हा हाका मारायला लागली आणि धाकटीनं पुन्हा सांगितलं. असं तीनदा. म्हातारीचं मूल तिनं तीनदा मारलं. चुकून नव्हे, जाणूनबुजून. निदान तेवढा वेळ तरी हाका थांबायच्या म्हणून. तिसऱ्या दिवशी आईचं तोंड पुसताना तिला स्वतःची किळस आली. पुढे तिनं सांगणं सोडलं. चार वाजले की ती जिन्यात जाऊन बसायची आणि दोन्ही कानांवर हात ठेवायची.

धाकटी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे एका गल्लीतली लांबट खोली. एका बाजूला खिडक्या, मधे तीन टेबलं, कोपऱ्यात खळीचं पातेलं आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा. जुनी पुस्तकं यायची. ती उसवायची, पानं साफ करायची, फाटक्या कडांना पातळ कागद चिकटवायचा, पुन्हा शिवायची, पाठीला कापड लावायचं, पुठ्ठा चढवायचा. तीस वर्षं तिनं हेच केलं होतं. मालक तिथला सगळ्यात जुना कारागीर, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधून फिरणारा. त्याचा एक दंडक होता. "वाचायचं नाही," तो म्हणायचा. "वाचणारा हात मंदावतो. आपण पुस्तकाचे डॉक्टर, त्याची दुखणी बघायची. त्याच्या घरच्या भानगडी आपल्याला काय करायच्या?"

धाकटीनं हा दंडक तीस वर्षं पाळला. मग एक जाड वही आली. जुनी हस्तलिखित वही, पाण्यात भिजून वाळलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. घेऊन आले ते एका वाचनालयाचे ग्रंथपाल, वाकलेले, पुटपुटत बोलणारे आजोबा. मालकानं चिठ्ठी लिहून वहीला टाचली आणि वही धाकटीच्या टेबलावर आली. चिठ्ठीवर वहीचा विषय लिहिला होता. विषयाच्या जागी तिचंच नाव होतं.

पहिल्या दिवशी तिनं पानं सुटी केली. दुसऱ्या दिवशी हात मंदावला. तिसऱ्या दिवशी मालकानं लांबून पाहिलं, खाकरला, आणि तिचा चेहरा बघून खळ ढवळायला गेला.

वही एका शाळामास्तरची होती. मास्तर त्या धक्क्याजवळच्या शाळेत होता आणि सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या नावाड्यांकडे जाऊन ते सांगतील ते उतरवून घ्यायचा. वहीतली हकिकत आजीच्या हकिकतीसारखी सुरू होत होती. पोरगी, कंदील, खडक. पण पुढे वाट फुटत होती. खरी अडचण अंधाराची नव्हतीच, असं नावाडी सांगत होते. अडचण धुक्याची होती. धुक्यात कंदील हातभरावर दिसेना. मग नावाडी पाण्यातून तिला हाक मारायचे आणि ती काठावरून ओ द्यायची. ओ ज्या बाजूनं येईल ती बाजू धरून नाव चालवायची. तिला आईबापांनी काय नाव ठेवलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नावाड्यांनीच तिला हाक मारायला एक नाव दिलं होतं आणि त्यांच्या जुन्या बोलीत त्याचा अर्थ होता, ओ देणारी. उजेडाचा अर्थ पुढे कुणीतरी चिकटवला असावा, असं मास्तरनं समासात लिहिलं होतं.

आणि मग ते पान आलं. धाकटीनं ते ओल्या फडक्यानं अर्धा तास सोडवलं होतं. ती पोरगी म्हातारी झालीच नाही. एकोणिसाव्या वर्षी पुरात वाहून गेली. नावाड्यांना पलीकडच्या काठावर हे कळलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी दाट धुक्यात त्यांनी सवयीनं हाक मारली. काठावर एक परकी बाई अडकून पडली होती, पुरामुळे घरी जाता न आलेली. तिनं हाक ऐकली. ओ द्यायला कुणी नाही आणि नाव खडकाकडे येते आहे, हे तिला आवाजावरून कळलं. तिनं ओ दिली. त्यानंतर सदतीस वर्षं ती तिथेच राहून ओ देत राहिली. समाधी तिची आहे. लोक जिला संत म्हणतात तिच्या नावावरचं बहुतेक सगळं हिनं केलेलं आहे. ती स्वतः कोण, कुठली, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मास्तरनं एका म्हाताऱ्याला खोदून विचारलं होतं, की आवाज बदलला हे तुम्हाला कळलं नाही का? म्हाताऱ्याचं उत्तर त्यानं जसंच्या तसं उतरवलं होतं. "कळलं की. पण धुक्यात कोण चौकशा करत बसतो?"

ग्रंथपाल काम कुठवर आलं ते बघायला आले, तेव्हा धाकटीनं त्यांना तेच पान दाखवलं.

"हं," ते पुटपुटले. "हे पान लोकांना आवडत नाही. मागे एकानं ते फाडून टाकायला सांगितलं होतं."

"त्या दुसऱ्या बाईला वाईट नसेल वाटत?" धाकटीनं विचारलं. "सदतीस वर्षं दुसरीच्या नावानं?"

आजोबांनी तिच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. "वाटत असेल की. रोज वाटत असेल. तेवढ्यासाठी नाव फुटू द्यायची का?" मग एकदम शिवणीला बोट लावून म्हणाले, "इथे दोरा जरा जाड घ्या बाई, ही वही फार हाताळली जाते."

त्या दिवशी धाकटी दोनलाच निघाली. रस्त्यात तिला काही सुचत नव्हतं. संत बिंत राहू दे बाजूला, तिच्या डोळ्यांपुढे आई येत होती. रोज धुक्यात बसून हाका मारणारी. आणि आपण जिन्यात कानांवर हात ठेवून बसलेलो. घरी पोचल्यावर तिनं काकूंना जायला सांगितलं, हात धुतले, स्टूल ओढून पलंगाशी बसली. चार वाजले. आईनं खिडकीकडे बघत हाक मारली.

धाकटीनं स्टूल आणखी पुढे सरकवलं. दुसरी हाक आली.

"ओ," ती म्हणाली.

आईनं चटकन मान वळवली. या वेळी तिची नजर पलीकडे गेली नाही. ती धाकटीच्या चेहऱ्यावरच थांबली आणि आईचा सगळा चेहरा सैल झाला.

"आलीस?"

"आले."

"किती हाका मारायच्या गं एका पोरीला! जवळ ये. अशी ये." आईनं तिचा हात धरला आणि तो पालथा उलथा करून पाहिला, लागलंबिगलं आहे का ते. मग आवाज एकदम खाली आणला. "हळू बोल हं. धाकटी ऐकेल."

"धाकटी कामाला गेलीय," धाकटी म्हणाली.

"हो का? बरं झालं. तुझ्याशी बोलायचंच होतं, ती नसताना." आईनं दाराकडे एकदा बघून घेतलं. "रागावू नकोस. तिला तुझंच नाव ठेवलंय. माझं काही चाललं नाही, तुझी आजी ऐकेना. पण मी ते एकदासुद्धा घेतलेलं नाही. शप्पथ. एकदा मागितलं होतं गं तिनं. एवढीशी होती, मागून येऊन मिठी मारली आणि मागितलं. जिभेवर आलं होतं माझ्या. अगदी इथवर आलं होतं."

"मग?" धाकटीनं विचारलं.

"मग काय? मी हाक मारली असती आणि तू ऐकली असतीस. तू कुठे हाक चुकवायचीस? धावत आली असतीस. आणि बघितलं असतंस, ही कोण माझ्या नावाची? नेलं असतंस तिला खेळायला." आईनं तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "लहान आहेस तू. तिथे एकटीला कंटाळा येत असेल, मला कळतं. पण ती एकच उरलीय मला. मला ने. मी येते ना तुझ्याबरोबर, आत्ता येते. तिला नको नेऊस. तिनं मागितलं ते मी दिलं नाही, निदान तिला जगू तरी दे."

त्रेचाळीस वर्षांपूर्वीची ती पिठाची बोटं धाकटीला आपल्या कमरेवर दोन्ही बाजूंना जाणवली.

"वचन दे," आई म्हणाली.

"दिलं."

"असं नाही. तिचं नाव घेऊन दे."

"काय नाव घेऊ?"

"धाकटी म्हण. तिचं तेच नाव. मी ठेवलंय."

"धाकटीला नाही नेणार," धाकटी म्हणाली. "वचन."

आईनं तिचा हात थोपटला आणि ती लगेच झोपली. कितीतरी महिन्यांत ती अशी झोपली नव्हती.

त्यानंतर आई अकरा दिवस होती. रोज चार वाजता हाक यायची आणि रोज धाकटी ओ द्यायची. आई तिला जवळ बसवून तिचे केस मोकळे करायची, उरलेसुरले पांढरे केस विंचरायची, पायमोजा वर ओढायला सांगायची. मधेच दचकून विचारायची, "धाकटी जेवली का? डबा नेला का तिनं? ती फार काम करते गं, दमते. तिला कुणी विचारणारं नाही." आणि धाकटी म्हणायची, जेवली, नेला, बरी आहे. एकदा मात्र तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "आई, अगं मीच धाकटी." आईनं तिच्याकडे पाहिलं, मग घाबरून दाराकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. दोघी एकाच खोलीत आहेत, एकीनं दुसरीला गाठलं आहे, असं काहीतरी तिच्या मनात आलं असणार. ती अशी कापायला लागली की धाकटीनं लगेच शब्द मागे घेतला. "नाही गं, गंमत केली. ती कामाला गेलीय." परत ती तसं बोलली नाही.

बाराव्या दिवशी सकाळी काकू दूध-पाव भरवत होत्या आणि आई मधेच घास गिळायची राहिली. धाकटी कारखान्यात वहीला पुठ्ठा चढवत होती. निरोप आला तेव्हा तिच्या दोन्ही हातांना खळ लागलेली होती, आणि ती तशीच, हात न धुताच निघाली.

दोन आठवड्यांनी मृत्यूचा दाखला घ्यायला ती कचेरीत गेली. तोच हॉल, तेच बाक, तेच घड्याळ. खिडकीमागच्या कारकुनानं एका कागदावरून नजर न उचलता नाव पुकारलं.

"ओ," धाकटी म्हणाली. इतक्या मोठ्यांदा की बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

"वा," कारकून म्हणाला. "एका हाकेत. नाहीतर लोकांच्या नावानं तीनतीनदा ओरडावं लागतं. मृताशी नातं?"

"मुलगी."

"एकुलती?"

"नाही," ती म्हणाली. "दुसरी."

घरी आल्यावर तिनं दाखला कपाटात ठेवला. पलंगावरची गादी काकूंनी गुंडाळून ठेवली होती आणि खोली भलतीच मोठी दिसत होती. मालक तिला बाई म्हणायचा, काकू ताई म्हणायच्या आणि कचेरीत ते नाव होतंच, आता आयुष्यभर पुरेल एवढं. चार वाजले. तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि कपाटाच्या वरची चौकट खाली घेऊन पदरानं काच पुसली. चार वर्षांची पोर संशयानं बघत होती, पायमोजा घसरलेला.

"मला धाकटी म्हणणारं आता कुणी उरलं नाही गं," धाकटी तिला म्हणाली. "तू तरी म्हण."